खपलीचा ब्रोट

भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं की तोंडाला धग आणि पाठीला माघातली थंडी, दोन्ही एकदमच सोसावी लागतात. पहाटेचे पाच वाजून गेलेत. वाईच्या बाजारामागच्या बोळातली ही बेकरी. दार अर्धं उघडं, आत एकच पिवळा बल्ब, आणि ताज्या पावाचा वास बोळाच्या तोंडापर्यंत आलेला. बेकरीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीनं शेवटचे पत्रे बाहेर ओढतायत. एकमेकांना चिकटून फुगलेल्या लाद्या टेबलावर येतात न येतात तोच त्यांचा पुतण्या त्यांवरून तेलाचा हात फिरवतो. बाहेर सायकली तयार आहेत, कॅरिअरला पत्र्याच्या पेट्या बांधलेल्या. थोड्या वेळात पहिली सायकल गंगापुरीकडे सुटेल.

माझ्यापुढे दोन साचे आहेत, ओल्या फडक्यानं झाकलेले. साचे चाचांचेच, काल संध्याकाळी मागून नेलेले. दिवाळीच्या आधी आई नानकटाईचं ताट घेऊन ह्याच भट्टीवर यायची, त्यामुळे घरचं काही भाजायला आणणं इथं कुणाला नवं नाही. साच्यात काय आहे ते मात्र चाचांना बघायचंय. ते फडकं उचलतात, वाकून वास घेतात.

“आंबलंय की गं हे.”

“आंबवलंयच, चाचा. रात्रभर.”

“यीस्ट किती घातलं?”

“यीस्ट नाही. पीठ, पाणी, मीठ आणि घरात जोपासलेलं आंबट विरजण.”

“मैदा?”

“खपली. थोडी ज्वारी.”

चाचा माझ्याकडे बघतात, मग पुन्हा साच्याकडे. बोटाच्या पेरानं कडेला हलकेच दाबतात. पडलेला खळगा सावकाश, जवळजवळ नाखुशीनं भरून येतो. त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य आता कामाच्या विचारात बदललंय. “खपली खिरीला चालती, पुरणपोळीला चालती. पावाला ती चिवटपणा कुठनं आणणार? फुगंल का?”

“फार नाही फुगणार. फुगायला नकोच आहे.”

खपलीला मैद्यासारखा ताण नसतो. तिचं पीठ भिजवलं की ते ओघळतं, पसरतं, हाताला चिकटतं; त्याचा गोल गोळा करून नुसता भट्टीत सोडला तर त्याची दशमी होते. म्हणून साचा. जर्मनीतले बेकरही ह्या धान्याचा पाव, त्यांच्या भाषेत ब्रोट, बहुतेक वेळा साच्यातच घालतात. हो, ह्याच धान्याचा. स्टुटगार्टमध्ये मी जिथून पाव घेते तिथल्या फळीवर राईचा (मोहरी नव्हे, राय हे धान्य), स्पेल्ट गव्हाचा आणि मिश्र पिठाचा पाव असतो, आणि त्यांच्या शेजारी एमरचा. एमर म्हणजेच आपली खपली. दाण्याला घट्ट धरून बसणारं टरफल, मळणीनंतरही न सुटणारं, ते काढायला वेगळी गिरणी लागणारं. दहा हजार वर्षांमागे पश्चिम आशियातल्या सुपीक चंद्रकोरीत माणसानं हा गहू पेरायला घेतला. त्याचं बी पश्चिमेकडे गेलं ते डॅन्यूब आणि ऱ्हाईनच्या खोऱ्यांत रुजलं, पूर्वेकडे आलं ते हिंडत हिंडत कृष्णेच्या काठाला लागलं. ह्या दोन काठांच्या मधे माझं आयुष्य वाटलं गेलंय, आणि दोन्हीकडे हा एकच दाणा मला भेटतो.

चाचा भट्टीतले उरलेले निखारे एका बाजूला ओढतात. बांबूच्या टोकाला बांधलेलं ओलं गोणपाट आत घालून तळ पुसून काढतात. वाफेचा लोट बाहेर येतो. दार लावून थांबतात. मग दार उघडून चिमूटभर पीठ आतल्या तळावर भिरकावतात आणि बघत राहतात. पीठ आधी पांढरंच राहतं, मग कडेनं बदामी होत जातं.

“काळं पडलं असतं तर अजून थांबलो असतो. आता घाल.”

जर्मनीत मोठ्या पावाला हेच हवं असतं: सुरुवातीला कडक आच आणि वाफ, नंतर उतरत जाणारी धग. तिथल्या विजेच्या भट्ट्यांना ती आकड्यांनी सांगावी लागते. लाकडाच्या भट्टीत ती आपसूक मिळते, आणि चाचांना ती चिमूटभर पिठात दिसते. ते दोन्ही साचे फळीवरून आत, पार मागच्या भिंतीपाशी सरकवतात आणि लोखंडी दार लावून घेतात.

“किती वेळ?”

“तास तरी.”

“तासाभरात मी चार घाणे काढतो,” चाचा म्हणतात, पण स्टूल पुढे ओढतात. पुतण्या चहा आणतो, सोबत खारी. भट्टीचं काम संपल्यावरची ही त्यांची निवांत घटका, आणि त्यांना ऐकायचंय की तिकडचे पाववाले काय करतात.

मी सांगते. तिकडे पावाचं नाव सुद्धा कुणी मनाला येईल तसं देत नाही. राईचा पाव म्हणून विकायचा तर पिठात निदान नव्वद टक्के राई हवी. पंपरनिकल नावाचा काळा, दाट पाव असतो, तो किमान सोळा तास भाजायचा, असं तिथल्या नियमांतच लिहिलंय.

“सोळा तास!” चाचांचा चहाचा कप मधेच थांबतो. “लाकूड किती लागत असंल?”

“आच अगदी मंद असते. वाफेवरच शिजतो म्हणा ना. साखर न घालता गोड लागतो.”

बेकर व्हायचं तर तीन वर्षं उमेदवारी करायची, नंतर उस्तादाची परीक्षा, मग दुकान. चाचा मान डोलावतात. त्यांनी स्वतः वडिलांच्या हाताखाली किती वर्षं काढली ते ते बोलत नाहीत. रात्री भाजायच्या बंदीची गोष्ट मात्र त्यांना फार लागते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, धान्य वाचवायला म्हणून जर्मनीत रात्री पाव भाजायला मनाई झाली. युद्ध संपलं तरी कायदा राहिला, कारण त्यानं कामगारांना रात्रीची झोप मिळत होती. तो उठला थेट १९९६ मध्ये.

चाचा बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, “एवढी सालं तिथले पाववाले रात्रीचे झोपले म्हणायचे.” पुतण्या हसतो, चाचा हसत नाहीत. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं भट्टीच्या उजेडात मला स्पष्ट दिसतात. पाव स्वस्त म्हणून आपण तो कधी मोजत नाही, आणि त्याच्यामागची ही जागरणंही मोजत नाही. वडापाव, मिसळपाव, पावभाजी, अख्ख्या महाराष्ट्राची सकाळ-संध्याकाळ ज्याच्यावर चालते, तो करणाऱ्या माणसाचं नावही गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. जर्मनीतही आता मोठ्या साखळ्या आणि सुपरमार्केटमधले गोठवलेले गोळे लहान बेकऱ्यांना गिळत चाललेत. १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत पंचावन्न हजारांच्या आसपास बेकऱ्या होत्या, आज सगळ्या जर्मनीत दहा हजारांच्या आत उरल्यात. तरी तिथला गिऱ्हाईक आपल्या बेकरला नावानं ओळखतो, आणि तो सुट्टीवर गेला की दारावरची पाटी वाचून हळहळतो.

दार उघडतं. वास बदललाय. मघाचा मैद्याचा गोडसर वास मागे पडून त्यावर भाजलेल्या धान्याचा, किंचित आंबुस, करपल्या कडेचा वास चढलाय. वरचा पापुद्रा आपोआप लांबट तडकलाय. चाचा साचा उलटा करून पाव फडक्यावर काढतात, त्याचं बूड वर करतात आणि बोटाच्या सांध्यानं ठोकतात. पोकळ आवाज येतो. तिथले बेकर हेच करतात, अगदी ह्याच सांध्यानं. चाचांना ते कुणी सांगितलेलं नाही.

पाव ते हातात तोलून बघतात. मग म्हणतात, “हा पाव न्हवं बेटा. ही भाकरीची भन हाय.”

मी घराकडे निघते तेव्हा उजाडलंय. गणपती घाटावर पाण्यावरून धुकं वाहतंय, ढोल्या गणपतीच्या देवळात घंटा होतेय. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ; त्याची मागची भिंत नांगराच्या फाळासारखी निमुळती, पुराचं पाणी दुभंगून दोन्हीकडे जावं म्हणून. कृष्णामाईच्या उत्सवाचे दिवस आहेत, घाटावर मांडव पडलेत, कालच्या प्रसादाच्या पत्रावळी अजून एका कोपऱ्यात रचलेल्या. पिशवीतले पाव फडक्यातूनही पोटाला गरम लागतात आणि त्यांची कवचं बारीक तडतडतायत. गार होताना ती आकसतात, त्याचा हा आवाज. स्टुटगार्टमध्ये रविवारी सकाळी बेकरीतून घरी जाताना हाच आवाज मी कापडी पिशवीतून ऐकत असते. तिथं रविवारी सगळी बाजारपेठ बंद. बेकरी तेवढी काही तास उघडी असते, आणि रांगेत शेजारीपाजारी, कुत्री, पायजम्यावर कोट चढवलेली माणसं. परक्या गावात मला ‘गुटन मोर्गन’ म्हणणारं पहिलं अनोळखी माणूस त्याच रांगेत भेटलं.

घरी आई ओट्यापाशी सुरी घेऊनच उभी आहे.

“आण, गरम आहे तोवर कापू.”

“आत्ता नाही कापायचा. दहापर्यंत थांबायचं.”

आईला हे पटत नाही, आणि का पटावं? भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर, निखाऱ्यावरून थेट ताटात. गार भाकरी म्हणजे शिळी भाकरी. ह्या पावाचं गणित उलटं. आतला पिठूळ भाग अजून शिजतोय, बसतोय. आत्ता सुरी घातली तर तो चिकट गोळा होऊन पात्याला लागेल. राईचा पाव तर दुसऱ्या दिवशीच खरा चवीला येतो. आई पाव हातात घेऊन फिरवून बघते, कान लावते, आणि जाळीवर ठेवून वर मलमल टाकते. ह्यात तिचा मोठा वाटा आहे. काल संध्याकाळी ज्वारीची उकड तिनं काढली. पातेल्यात पाण्याला खळखळून आधण, मीठ, मग पीठ एकदम ओतून उलथन्याच्या दांड्यानं गरगर, झाकण, आणि कोमट झाल्यावर पाण्याचा हात घेऊन असं मळणं की एक गुठळी राहू नये. ज्वारीत ताण धरणारा चिकटा नाही, म्हणून आपल्या बायका उकळत्या पाण्यानं तिला बांधतात. जर्मन बेकरही पिठाचा किंवा दाण्यांचा काही भाग उकळत्या पाण्यात भिजवून मग मुख्य कणकेत मिसळतो, कारण त्यानं पाव ओलसर राहतो आणि टिकतो. त्यांचा राईचा प्रश्नही ज्वारीच्याच जातीचा. राई थंड, हलक्या, वाळूच्या जमिनीत येते, जिथं गहू रुसतो. तिच्यातही गव्हाचा चिवटपणा नाही, शिवाय तिच्यातले पाचक रस भट्टीच्या उबेत पिष्ट तोडू लागतात आणि पावाचा चिखल करतात. त्यांना आवर घालतो तो आंबटपणा. म्हणून आंबवण. एका देशानं अडेल धान्याला उकळत्या पाण्यानं वळवलं, दुसऱ्यानं आंबटानं. आज ह्या पावात दोन्ही आहेत.

आजी पलंगावरून सगळं ऐकतेय. तिच्या सासूबाईंच्या राज्यात पाव ओटीवरच थांबायचा, स्वयंपाकघराचा उंबरा त्याला बंद. ताडी घालून फुगवतात, पायांनी तुडवतात, खाल्ला की माणूस बाटतो: असं सगळं तेव्हा बोललं जायचं. ताडीचं खोटं नव्हतं, गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, ताडी घालूनच पीठ फुगवत. बाटण्याची भीती पोर्तुगीज काळातली, वसईच्या विहिरींत पाव टाकून लोकांना बाटवल्याच्या आख्यायिकेतून वर घाटमाथ्यापर्यंत आलेली. वाईसारख्या वेदपाठशाळांच्या, शास्त्र्यांच्या गावात ती मुरायला वेळ लागला नाही. पुढे पाव घरात शिरला तो आजाऱ्यासाठी. ताप उतरला की दुधात बुडवून पाव. माझ्या पिढीपर्यंत मनात हेच होतं की पाव म्हणजे हलकं, तात्पुरतं, पोटाला नव्हे तर तोंडाला. हे मनात घेऊन मी जर्मनीला गेले आणि समोर आला तो असा पाव की ज्याच्या दोन कापांवर माणूस दुपारपर्यंत उभं राहतं. पहिल्या थंडीत त्याच्या कवचानं माझी टाळू सोलवटायची. मग दात शिकले, जीभ शिकली.

दहा वाजतात. न्याहारी मांडते.

आमच्याकडे टेबल लहान, म्हणून सतरंजीवर पाट आणि मधे चौरंग. प्रत्येकापुढे ताटलीऐवजी लाकडी फळकुटं, आत्याच्या घरून आणलेले पोळपाटही दोन. जर्मन घरात न्याहारीला असाच लाकडाचा लहान पाट असतो. प्रत्येकानं आपला काप आपणच घ्यायचा, आपणच लावायचं, आपल्या चालीनं खायचं. वाढणारं कुणी नाही. आईला हे सगळ्यांत अवघड जातं. तिचा हात सारखा पुढे येतो आणि मी तो धरून तिला बसवते.

मधे जे आहे ते सगळं ह्याच डोंगरातलं. लोणी काल घुसळलेलं. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, २०१० मध्ये जिला भौगोलिक मानांकन मिळालं ती, आज सकाळीच पसरणीचा घाट उतरून आलेली. तिचाच जॅम पाचगणीचा. मॅप्रोनं १९५९ साली तिथं जॅम करायला घेतला तेव्हापासून आमच्या भागात जॅम ही परकी वस्तू राहिली नाही. मध मांघरचा, जांभळाच्या फुलोऱ्यातला, गडद आणि मागे किंचित तुरट. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. क्वार्क ह्या तिथल्या मऊ ताज्या चीजच्या जागी चक्का, त्यात मीठ, मिरी आणि कोथिंबीर. उकडलेली अंडी, फडक्यात गुंडाळून उबेत ठेवलेली. चीज आणि थंड मांसाचे काप नाहीत, आणि त्यांची उणीव मला भासत नाही. जर्मन न्याहारीचं मर्म पाव आहे. बाकी सगळं त्याच्या अवतीभवती.

शेजारच्या काकू आणि त्यांचा मुलगा आलेत. खरं तर हा घाट त्याच्यासाठीच. आयटीआय करून तो वायरमनची कामं करतो आणि हल्ली जर्मन शिकतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, दहा हजार तरुण पाठवण्याचा. नर्स, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, ड्रायव्हर. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. त्याचा नंबर लागेल तेव्हा लागेल, पण काकूंना झोप नाही. त्यांच्या मनात एकच प्रश्न, आणि तो त्या आल्या आल्या विचारतात: “ह्यानं तिथं खायचं काय गं?”

मी पाव चौरंगावर घेते. दाते असलेली सुरी काल बाजारात मिळाली नाही, म्हणून बाबांनी विळी आणलीये. पण कवचावर विळी घसरते. शेवटी लांब सुरीनं, करवत चालवावी तसा पहिला काप निघतो. आत गडद गव्हाळ रंग, लहान लहान भोकं, मधूनमधून ज्वारीच्या उकडीचे फिकट ठिपके. बोटानं दाबला की दबतो आणि वर येतो. दक्षिण जर्मनीतल्या जुन्या कॅथलिक घरांत पाव कापण्याआधी त्याच्या बुडावर सुरीच्या टोकानं क्रूसाची खूण करत. आजी पहिला काप हातात घेते, कपाळाला लावते, आणि मग वास घेते.

मुलगा लोणी लावायला चमचा उचलतो. मी त्याला सुरी देते. “जाड लाव. कडेपर्यंत. आणि आता ऐक.”

मी त्याला सांगते की रोजची सकाळ अशी नसते. ही रविवारची. एरवी लोक स्टेशनवर लोणी लावलेलं ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा पाव, घेऊन गाडीत चढतात. स्टुटगार्टच्या श्वाबेन भागातलं ब्रेत्सेल खालून जाडजूड, वरच्या हातांची वेटोळी बारीक आणि कुरकुरीत. भाजण्याआधी ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात, त्यानं तो तांबूस तुकतुकीत रंग चढतो. काही बेकर पिठात डुकराची चरबी घालतात, नको असेल तर विचारून घ्यायचं, विचारल्याचा कुणाला राग येत नाही. काकू हे दोनदा वदवून घेतात.

“साइटवर?” तो विचारतो.

“साइटवर नऊच्या सुमाराला काम थांबतं. सगळे आपापला डबा काढतात. श्वाबेनात त्याला फेस्पर म्हणतात. डब्यात पावच. तेव्हा तू एकटा कोपऱ्यात बसू नकोस. त्यांच्यात जाऊन बस, तुझा डबा उघड. तिथं मैत्री तेव्हाच होते.”

“आणि रात्री?”

“रात्रीही पाव. थंड.”

काकूंचा हात थांबतो. “रात्री गरम नाही?”

हे मलाही सुरुवातीला फार लागलं होतं. कुणी संध्याकाळी घरी बोलावलं, मी दिवसभर हलकं खाऊन गेले, आणि समोर पाव, चीज, काकडी, लोणचं. आपल्याकडे पाहुण्यापुढे असं ठेवलं तर पिढ्यानपिढ्या बोल लागेल. पण त्या घरात माझ्यासाठी काहीच लपवून ठेवलेलं नव्हतं. कारखान्यात, शाळेत, कचेरीत दुपारी गरम जेवण झालेलं असतं. संध्याकाळी कुणी चुलीपाशी अडकायचं नाही, सगळ्यांनी एकाच वेळी बसायचं, पाव इकडून तिकडे द्यायचा आणि दिवस एकमेकांना सांगायचा. त्या संध्याकाळी यजमानीण बाई एकदाही उठली नाही. माझ्या आईला मी घरच्या पंगतीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलेली कधी बघितलेलं नाही.

आज ती बसलीये. तिनं कापावर चक्का लावलाय, वर, माझ्या नकळत, हिरव्या मिरचीचा ठेचा.

बाबा मराठी विश्वकोशाचा खंड मांडीवर घेऊन ‘गहू’ ही नोंद काढून बसलेत. विश्वकोश म्हटलं की वाईकराची छाती फुगते, तो इथंच घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, आणि पहिला खंड १९७६ चा. बाबा मान वर न करता विचारतात, “तिकडे पावाचे प्रकार किती?”

“त्यांच्या नोंदवहीत तीन हजारांच्या वर आहेत. २०१४ मध्ये त्यांनी आपली पावाची परंपरा राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातली. उल्म नावाच्या गावात पावाचं संग्रहालय आहे, १९५५ पासूनचं. पण त्यात पाव ठेवलेला नाही.”

“का?”

“पाव रोज ताजा करून खायची वस्तू, काचेत ठेवायची नव्हे, असं संस्थापकांचं म्हणणं होतं.”

बाबा खंड मिटतात आणि दुसरा काप घेतात.

मला इथं खपलीचंच बोलायचं असतं, आणि मी ते बोलतेच. सातारा, सांगली, कोल्हापूर, खाली बेळगावपर्यंत हा आपला गहू. लोकवन आला, जास्त उतारा देणारी वाणं आली, ऊस आला. खपली शेताच्या कडेला गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तिचं बुटकं, न लोळणारं वाण काढलं म्हणून ती थोडी सावरली. आज ती शहरात मिळते ती महागड्या पुडक्यांत, शुगरवाल्यांचा गहू म्हणून. हे मला खुपतं. जे धान्य औषध म्हणून खाल्लं जातं ते ताटातून कधीही निघून जाऊ शकतं. डॉक्टर बदलला की धान्य बदलतं. धान्य टिकतं ते चवीनं, रोजच्या सवयीनं. एमर जर्मनीतून जवळपास गेलाच होता. तो परत आला तो शेतकरी, गिरणीवाला, बेकर आणि विद्यापीठ एका दोरीत आले म्हणून. स्टुटगार्टच्याच होहेनहाइम विद्यापीठात स्पेल्ट, एमर, आइनकॉर्न ह्या जुन्या गव्हांवर काम चालतं. पावाचं पीठ चार तासांहून जास्त मुरलं तर पोटाला त्रास देणाऱ्या काही शर्करा त्यात बऱ्याच कमी होतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. दोष नुसता गव्हाचा नसतो, घाईचाही असतो. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यानं खपली पेरायची तर तिला वर्षभर गिऱ्हाईक हवं, आणि खीर काही वर्षभर होत नाही.

आजीला कवच चावत नाही. आईनं तिला आतला मऊ भाग लोणी आणि मध लावून कुस्करून दिलाय. आजी सावकाश खाते. मुलगा अंड्याचं टोक चमच्यानं फोडून, मीठ टाकून, जर्मन शब्द आठवत आठवत खातोय. काकूंनी पहिला काप कोरडाच खाल्ला, विचार करत, आणि आता पिशवीतून त्यांनी आणलेलं लसणीचं तिखट चौरंगावर ठेवतात. ते सगळ्यांत आधी संपतं.

दारात सायकलची घंटा वाजते. चाचांचा पुतण्या साचे न्यायला आलाय. आई त्याला आत बोलावते, पण तो उंबऱ्यातच उभा राहतो. मी काप लोणी लावून त्याच्या हातात देते. तो खाता खाता म्हणतो, “चाचांनी अर्धा मागितलाय. दोन दिवसांनी कसा लागतो ते बघायचंय त्यांना. आणि विचारलंय, खपलीचं पीठ किलोला काय पडतं?”

मी भाव सांगते. तो मोबाइल काढून आकडेमोड करतो, ओठ हलवत: पीठ, लाकूड, तासभर अडलेली भट्टी.

“लादीच्या भावात नाय बसत,” तो म्हणतो. “पण रविवारची दहा-बारा गिऱ्हाईकं निघतील. दवाखान्यातले डॉक्टर हायत, पाचगणीच्या शाळांतले मास्तर हायत.”

“आमचं नाव पहिलं लिही,” आई आतून सांगते. “आणि चाचांना म्हणावं, उकड मी काढून देईन. ज्वारी थोडी अजून चालेल, आणि मीठ जरा कमी पडलंय.”

तो मोबाइलवर लिहून घेतो.